आईच्या जिवावर विकलेल्या गाड्या

ओहायोमध्ये मी जवळजवळ सात वर्षं फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या विकल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या आईच्या जिवावर विकल्या. मी लिहितोय त्या काळात आई मिरजेला होती. तिने ओहायो पाहिलं नव्हतं, मी विकत असलेली गाडी पाहिली नव्हती, आणि मी गाड्या विकतो हेही तिला माहीत नव्हतं. तरीही कोलंबसच्या आसपासच्या मराठी घरांत तिचा लौकिक असा होता, की सतीशच्या आई साठी उलटल्यावरही कमरेएवढ्या उंच गाडीत पदर खोचून सहज चढतात. हा लौकिक मीच पसरवला. व्यवसायाच्या आठवणी लिहिताना माणसं आपल्या यशापासून सुरुवात करतात. मीही यशापासूनच करतोय. माझं यश हेच होतं.

मी अमेरिकेत आलो तो प्रोग्रॅमर म्हणून. दोन हजार एक साली आमच्या कंपनीने आमचा अख्खा मजला रिकामा केला. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं, एवढीच जमेची बाजू. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून मी कोलंबसच्या डब्लिन या उपनगराजवळच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. मालक रॉन हा लालबुंद चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा माणूस. त्याने मला गाड्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. खिडकीतून समोरच्या नव्या वसाहतीकडे बोट दाखवून म्हणाला, “तिथे तुमचे लोक राहायला येताहेत. माझ्याकडे येतात, सगळं विचारतात, आणि जाऊन दुसरीकडे गाडी घेतात. का, ते शोधून काढ.”

ते शोधायला फार वेळ लागला नाही. आपला माणूस गाडी बघायला एकटा येत नाही. बायको, मुलं आणि ‘गाड्यांतलं कळणारा’ एक मित्र बरोबर असतो. त्या मित्राला गाड्यांतलं काही कळत नसतं, पण टायरला लाथ त्यानेच मारायची असते. पहिला प्रश्न मायलेजचा. दुसरा रिसेलचा, म्हणजे अजून घेतलीही नाही ती गाडी विकणार कितीला याचा. आणि एवढी काटकसर दाखवून झाल्यावर शोरूममधल्या सर्वांत मोठ्या इंजिनाकडे सगळेजण लग्नात नवरी बघावी तसे टक लावून बघतात.

पितृपक्षात आमचा कोणी गाडी घेत नाही, हे मी रॉनला समजावून सांगितलं. तो एवढा खूश झाला की दुसऱ्या वर्षापासून स्वतःची सुट्टीच त्या पंधरवड्यात घ्यायला लागला. उन्हाळा आला की विचारायचा, “तुमच्या मेलेल्या लोकांचे दोन आठवडे यंदा कधी आहेत?” दसऱ्याच्या डिलिव्हरीसाठी इंडियन ग्रोसरीतून नारळ आणि लिंबं आणणं माझ्याकडे होतं. नारळ गाडीच्या मागच्या हुकावर फोडायचा. तो हुक बोट ओढण्यासाठी असतो. मी विकलेल्या बहुतेक गाड्यांच्या हुकांनी जन्मात तेवढंच एक काम केलं.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते, हिच्यात चारही चाकांना. चिखलात किंवा बर्फात दोन चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तर बाकीची दोन गाडी ओढून काढतात. एवढंच तिचं पुण्य. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. म्हणून बर्फावर थांबताना हिला काही वेगळी कृपा लाभत नाही, उलट जड असल्यामुळे ती जरा उशिराच थांबते. हे मी विचारल्यास सांगत असे. कोणी विचारत नसे.

कारण लोक गाडी बघायला यायच्या आधी कंपनीची रंगीत पुस्तिका बघून येत. तिच्यात एक कुटुंब डोंगरमाथ्यावर उभं असायचं. वडिलांच्या खांद्यावर बंदूक, आईच्या हातात मासे धरायची काठी, मुलांच्या मध्ये सोनेरी कुत्रा, आणि मागे चिखलाने माखलेली गाडी. फॅमिली आणि आउटडोअर, दोन्ही एकाच गाडीत. मी विकलेल्या गाड्यांनी पाहिलेला सर्वांत दुर्गम प्रदेश म्हणजे ग्रोसरीच्या दुकानामागचं खड्डे पडलेलं पार्किंग. एक गृहस्थ तर गाडीला चिखल लागला म्हणून तक्रार घेऊन आले होते.

या सगळ्यात माझी आई कशी आली, ते सांगतो. एका जोडप्याचं सगळं ठरलं होतं. अचानक बायको म्हणाली, “पण सासूबाई यायच्यात. त्यांना चढता येईल?” विक्रीच्या धंद्यात हा क्षण ताटावरून उठू पाहणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. एकदा उठला की परत बसत नाही. मी म्हणून गेलो, “माझी आई सहज चढते की!”

गाडी विकली गेली. रॉनने विचारलं, “तू त्यांना असं काय सांगितलंस?”

“माझ्या आईबद्दल सांगितलं.”

“तिला कामावर ठेव,” रॉन म्हणाला.

मी ठेवली. गिऱ्हाईक जसं, तशी आई. कोणाच्या सासूचे गुडघे दुखत असले तर माझ्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असायचं. कोणाची आई स्थूल असली तर माझीही. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की आईला उंचावरून बाहेरचं छान दिसतं म्हणून ती दुसऱ्या गाडीत बसायलाच तयार नसते. माझी बायको अनघा एकदा शोरूममध्ये माझा डबा द्यायला आली होती, तेव्हा तिने हे ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, “खऱ्या आईंना बोलाव ना. एवढ्या लोकांच्या घरी त्या जाऊन आल्या, आपल्याच घरी यायच्या राहिल्यात.”

“व्हिसाचं बघू,” मी म्हणालो.

व्हिसाचा काही प्रश्न नव्हता. मी अजून इंजिनिअर आहे असं आईला वाटत होतं, आणि ती आली असती तर छातीवर नावाचा बिल्ला लावून लोकांच्या मागे पळताना मी तिला दिसलो असतो. म्हणून दर रविवारी आगाऊ पैसे भरलेलं कॉलिंग कार्ड वापरून मी तिला फोन करायचो, ऑफिसात खूप काम आहे म्हणायचो, आणि “अनघाशी बोल” म्हणून फोन पुढे करायचो. आई तिच्याशी तुटक बोलायची. का, ते मला कळत नव्हतं. खरं म्हणजे मला कळून घ्यायचं नव्हतं.

मग हेमंत आला.

हेमंत पुण्याचा, एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा मॅनेजर डग टीमला सुट्टीच्या दिवशी मासे धरायला न्यायचा. तिथे सगळ्यांच्या गाड्या उंच, आणि हेमंतची एकट्याची ठेंगणी, हे त्याच्या मनाला लागलं होतं. त्याची बायको शिल्पा शोरूममध्ये आल्या आल्या म्हणाली, “आम्हाला मिनिव्हॅन दाखवा. सरकत्या दाराची, बुटकी.”

“मिनिव्हॅन? यार, डग काय म्हणेल?” हेमंत म्हणाला.

“संसार डगबरोबर करायचाय का तुला?”

“सतीश, मला फॅमिली प्लस आउटडोअर्स असं काहीतरी दाखव. आणि हे बघ, हे मी आईसाठीही करतोय. ती मे महिन्यात येतेय, सहा महिने. तिचं माहेर गुहागरकडे, खाडीकाठी. लहानपणी भावांबरोबर गळ टाकून बसायची. लग्न होऊन पुण्यात आली आणि सगळं सुटलं. तिला एकदा तळ्यावर न्यायचंय मला.”

हे तो मनापासून बोलत होता. गाडी घेणाऱ्या माणसाचं सांगायचं कारण आणि खरं कारण वेगळं असतं, असं आम्हा विकणाऱ्यांना शिकवतात. हेमंतची दोन्ही कारणं खरी होती.

शिल्पाने तोच प्रश्न विचारला. “आईंचा गुडघा धरलेला आहे. त्या चढतील का यात?”

“अहो, माझी आई याच गाडीतून आमच्याबरोबर मासे धरायला येते,” मी म्हणालो.

माझी आई अंड्याचा केक खात नाही.

इंदूकाकू, म्हणजे हेमंतची आई, मे महिन्यात आल्या. विमानतळाबाहेर हेमंतने झोकात गाडी आणून उभी केली. काकूंनी एक पाय उचलला, तो दाराच्या कडेपर्यंत पोचला नाही. दुसऱ्यांदा पोचला, पण वर जाता येईना. मागे गाड्यांची रांग लागली, कोणीतरी हॉर्न दिला. शेवटी हेमंतने मागून दोन्ही हातांनी उचलून त्यांना आत ढकललं. शिल्पाने मला नंतर सांगितलं, की घर येईपर्यंत काकू पदर सारखा करत बसल्या होत्या. उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, “छान आहे हो गाडी.”

त्यानंतर त्या गाडीत बसायलाच तयार होईनात. मॉलला, देवळात, कुठेही न्यायची गोष्ट निघाली की, “तुम्ही जाऊन या, मला घरीच बरं.” ओहायोतल्या वसाहतीत घरीच बरं म्हणजे काय, ते राहिलेल्यालाच कळतं. दिवसभर रस्त्यावर माणूस नाही. चालत जाण्यासारखं दुकान नाही. खिडकीतून दिसतं ते शेजाऱ्याचं गवत, आणि ते कापायला येणारा माणूस. शनिवारी सकाळी हेमंत काठ्या गाडीत टाकून डगबरोबर तळ्यावर जायचा. काकू दारात उभ्या राहून हात हलवायच्या. काकूंना तळ्यावर नेण्यासाठी घेतलेली गाडी काकूंना घरी ठेवून तळ्यावर जात होती.

एके दिवशी शोरूममध्ये मला फोन आला.

“मी हेमंतची आई बोलतेय. तुम्ही गाडीवाले सतीश ना?”

“हो काकू, बोला ना.”

“तुमच्याशी नाही बोलायचं मला. तुमच्या आईंना द्या.”

माझ्या समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी त्याच्याकडे पाहून हसलो. “आई... आई आता नाहीये काकू. जर्सीला गेलीय बहिणीकडे. आयसेलिनला.”

“बरं. कधी येणार?”

“आता ती राहील तिथे थोडे दिवस.”

“गाडीनेच गेल्या का?”

“हो,” मी म्हणालो. एकदा घसरायला लागलं की चारही चाकं घसरतात.

“कमाल आहे बाईची,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. “मग तुम्हीच सांगा. तुम्ही बघितलं असेल. त्या उजवा पाय आधी टाकतात का डावा?”

“उजवा,” मी म्हणालो. एका क्षणाचाही वेळ न घेता. चांगल्या विक्रेत्याने उत्तराला वेळ घ्यायचा नसतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण मला अपराधी वाटलं की मी वस्तू विकतो किंवा फुकट देतो, तिसरं काही मला सुचत नाही. मी हेमंतच्या गाडीला फुकटात पायरी बसवून दिली. ती पायरी दिसायला सुंदर होती, पण अरुंद आणि गुळगुळीत. मग दाराच्या आत धरायला दांडी लावून दिली. मग प्लॅस्टिकचं एक स्टूल नेऊन दिलं. गाडीला लावता येईल ते सगळं मी लावलं. खरं सांगणं ही एकच गोष्ट ऍक्सेसरीजच्या यादीत नव्हती.

गणपती आले. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. बाहेरच्या पार्किंगमध्ये मी विकलेल्या गाड्यांची रांग बघून मला दरवर्षी अभिमान वाटायचा. त्या वर्षी आत गेलो तर इंदूकाकू दिसल्या. शेजारच्या घरी राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या जुन्या, बुटक्या गाडीतून त्या आल्या होत्या. आरती झाली. प्रसादाच्या रांगेत काकू, त्यांच्यामागे नागपूरच्या डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे माझ्याकडूनच गाडी घेतलेल्या जाधवकाकू. आणि वाटपाला अनघा.

काकू मला बघून म्हणाल्या, “आल्या का हो तुमच्या आई? आज तरी भेटतील म्हणून मुद्दाम आले.”

“कोण, सतीशच्या आई?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मलाही भेटायचंय त्यांना. डोंगरदऱ्या पालथ्या घालणारी बाई!”

“डोंगरदऱ्या?” जाधवकाकू म्हणाल्या. “अहो, दोन्ही गुडघे बदललेत त्यांचे.”

“गुडघे? मला तर म्हणाला, बारीक चणीच्या आहेत, टुणकन उडी मारून बसतात.”

“छे! मला म्हणाला, माझ्याएवढ्याच आहेत,” असं म्हणून जाधवकाकूंनी स्वतःच्या देहाकडे हात केला. “मी म्हटलं, मग माझं जमेल.”

“आणि मासे धरतात ना त्या?” इंदूकाकूंनी विचारलं.

“मासे?” दोघी एकदम म्हणाल्या.

रांग थांबली. मागून कोणीतरी ओरडलं, “अहो, मोदक संपलेत का?” सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. मला वाटतं, तेव्हाही मी काहीतरी जुळवून सांगितलं असतं. दोन मावश्या आहेत, एक बारीक आणि एक जाड, असं काहीतरी. पण काकूंनी माझा नाद सोडला आणि अनघाला विचारलं, “सूनबाई, तू सांग. कुठे असतात तुझ्या सासूबाई?”

अनघाने त्यांच्या ताटलीत मोदक ठेवला. “मिरजेला असतात, काकू. इथे कधी आल्याच नाहीत.”

डॉक्टरीणबाई खो खो हसायला लागल्या. जाधवकाकू म्हणाल्या, “अरे चोरा!” आणि त्याही हसल्या. खरं तर मी सुटलो होतो. आपली माणसं फसवणुकीत मजा असली तर अर्धी माफ करतात. फक्त इंदूकाकू हसल्या नाहीत.

“म्हणजे कोणी चढतच नाही,” त्या म्हणाल्या.

“काकू, तसं नाही...”

“मी रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन चढून बघते. देवघरातला पाट घेते खाली, दोघं पायी फिरायला गेली की. म्हटलं, माझ्या वयाची ती बाई चढते, मासे धरायला जाते. मग मलाच काय झालंय? तुम्ही सांगितलंत तसा उजवा पाय आधी टाकते. माझा उजवाच गुडघा धरलेला आहे हो.”

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. एखाद्या पदार्थाची कृती चुकीची कळली होती, एवढ्याच सुरात म्हणाल्या. मग मोदक घेऊन खुर्चीवर जाऊन बसल्या.

धंद्यात मी पुष्कळ खोटं ऐकलं आणि बोललो. गिऱ्हाइकं आपल्या जुन्या गाडीबद्दल जे सांगतात ते ऐकून सत्यवचनाचा देव शोरूमच्या दारातच थांबत असेल. पण माझ्या थापेमुळे कोणी स्वतःलाच अधू समजेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. चार महिने ती बाई बंद गॅरेजमध्ये देवाच्या पाटावर उभी राहून, अस्तित्वात नसलेल्या एका बाईशी स्पर्धा करत होती आणि रोज हरत होती.

घरी जाताना अनघा म्हणाली, “त्यांना तळ्यावर ने. आपल्या गाडीतून.”

आपली गाडी! ते सांगायचं राहिलंच. फोर-व्हील-ड्राइव्ह विकणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी जमिनीला टेकलेली, जुनी, चार दारांची साधी सेडान होती. पेट्रोल कमी खायची, आणि खुर्चीवर बसावं तसं तिच्यात बसता यायचं. ती मी शोरूमच्या मागे, कचऱ्याच्या पेटीच्या आड उभी करायचो, म्हणजे गिऱ्हाइकांना दिसू नये.

शनिवार हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दिवस. मी रॉनकडे शनिवारची सकाळ मागितली तेव्हा त्याने चमकून विचारलं, “कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. आईचं काम आहे.”

“पुन्हा तीच बाई?” रॉन म्हणाला. “जा. तिला नाही म्हणायची माझी हिंमत नाही.”

मी आणि अनघा हेमंतच्या दारात गेलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. दार उघडल्यावर त्या आधी पाठमोऱ्या बसल्या आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. उजव्या-डाव्याचा प्रश्नच आला नाही. “हे बरंय,” त्या म्हणाल्या. मागून हेमंत आणि शिल्पा त्यांच्या डोंगराएवढ्या गाडीतून काठ्या घेऊन आले. शहराच्या उत्तरेला धरणाचं तळं आहे. अगदी पाण्यापर्यंत गुळगुळीत डांबरी रस्ता आहे. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, पांढऱ्या रेघांच्या आत उभ्या राहिल्या. हेमंतने दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो काठ्या उतरवायला लागला. तो भला माणूस आहे.

मासे धरायला परवाना लागतो हे कळल्यावर काकूंना हसू आवरेना. “माशांना विचारलं का कोणी?” हेमंत त्यांना काठीची चकरी कशी फिरवायची ते शिकवायला लागला, तर त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. “सरक. सावली पडतेय तुझी पाण्यावर.” गांडूळ त्यांनी स्वतः लावलं. शिल्पाने तोंड फिरवलं. काकू काठावरच्या दगडावर बसल्या, दोरी बोटावर घेतली, आणि हेमंतची बडबड त्यांनी एका हाताने बंद केली. जरा वेळाने तळहाताएवढा मासा वर आला. निळसर, पोटाशी नारिंगी. फार काही नव्हता. पण काकूंचा चेहरा मी विसरणार नाही, कारण तो चेहरा चाळीस वर्षं पुण्यात कोणी पाहिला नसणार. त्यांनी मासा हळूच सोडवला आणि परत पाण्यात टाकला. “लहान आहे. वाढू दे.”

हेमंत आणि शिल्पा गाडीतून खायचं आणायला गेले. अनघा तिथेच सतरंजी पसरत होती. मी काकूंच्या शेजारी बसलो.

“काकू, सॉरी.”

“सॉरी तर हेमंतही म्हणतो, दर शनिवारी मला घरी ठेवून निघताना.” त्यांची नजर पाण्यावरच होती. “आणि मला कशाला? मला तू आज आणलंस. झालं आपलं. तिचं काय, जिचं नाव पुढे केलंस? तिला माहितेय?”

“नाही.”

“तू काय करतोस ते तरी माहितेय?”

मी मान हलवली.

“मग इथे काय बसलायस? आता तिकडे संध्याकाळ असेल. लाव फोन. मी बघत नाही तुझ्याकडे, माझं लक्ष गळाकडे आहे.”

मोबाइलवर कॉलिंग कार्डाचे आकडे दाबताना मी दोनदा चुकलो. आईने पहिल्या घंटीला उचलला.

“सतीश? आज शनिवार ना? काय झालं रे? बरे आहात ना?”

“बरे आहोत. आई, एक सांगायचंय. मी इंजिनिअर नाहीये आता. चार वर्षं झाली. ती नोकरी गेली. मी गाड्या विकतो.”

“आपल्या?”

“नाही गं. दुकानात. नव्या गाड्या.”

“मग नव्याच आहेत ना?” आई म्हणाली. “त्यात काय एवढं? तुझा मामा सायकली विकायचा.”

“आणि लोकांना मी सांगतो, की तू इथे असतेस. त्या गाड्या खूप उंच असतात. माझी आई त्यात सहज चढते, असं सांगून विकतो.”

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, कार्ड संपलं.

“मी?” आई म्हणाली.

“हो.”

“पडत तर नाही ना कुठे?”

“नाही. मस्त चढतेस. मासे पण धरतेस.”

“अरे देवा! मासे कशाला धरायला लावलेस मला?” ती हसली. ते हसू मध्येच थांबलं. “सतीश, म्हणून तू मला बोलवत नव्हतास? मी येऊन बघेन म्हणून?”

“हो.”

“मला वाटत होतं, अनघाला मी नको असेन.” आईचा आवाज एकदम म्हातारा झाला. “तू कधी काही बोलायचा नाहीस, मग दुसरं काय समजणार? मी त्या पोरीशी चार वर्षं धड बोलले नाही रे.”

सतरंजीवर बसलेली अनघा माझ्याकडे बघत होती. तिला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. पण दर रविवारी तो तुटक आवाज ऐकून तिच्या मनात काय येत असेल, आणि तरीही तिने मला एकदाही ते का विचारलं नाही, ते मला त्या घडीला कळलं. धंद्यात मी गिऱ्हाइकाला ‘सॉरी’ दिवसभर म्हणत असे. हवा तो रंग नाही, सॉरी. हा भाव कालपर्यंतच होता, सॉरी. तो शब्द इथे पुरणार नव्हता.

“नाही, आई,” मी म्हणालो. “अनघा पहिल्या वर्षापासून म्हणतेय, आईंना बोलाव. मीच टाळलं. मला माझी लाज वाटत होती, आणि ती मी तुमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. माझं चुकलं, आई.”

मग फोन अनघाच्या हातात दिला, आणि देताना तेच तिलाही म्हणालो.